सहलीचा शेवटचा मुक्काम

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीतली गोष्ट आधी सांगते. पाच दिवसांत आम्ही कोल्हापूर, पन्हाळा, ज्योतिबा, नरसोबाची वाडी असं सगळं केलं. शेवटच्या दिवशी ‘इतक्या जवळ आलोच आहोत तर’ म्हणून खिद्रापूरही केलं, आणि रात्री दीड वाजता सोलापुरात घराचं कुलूप उघडलं. सकाळी ह्यांची बँक, माझी अर्धवेळ शाळा. दारात मळलेल्या कपड्यांच्या चार पिशव्या आणि फ्रीजमध्ये आंबून गेलेलं दही. मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी विचारलं, “काय, मजा केलीत ना?” तर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं! मजा केली होती हो, नाही कशाला म्हणू? पण सहलीच्या फोटोंत मी दोनच ठिकाणी होते, आणि त्यातल्या एका फोटोत सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी होते.

म्हणून यंदा मी एक अट घातली. सहल कुठंही काढा, पण शेवटचा मुक्काम मी ठरवणार, आणि तिथं दोन रात्री राहायचं. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण अशी अट मी पहिल्यांदाच घातली. ‘हे’ जरा गप्प झाले, मग म्हणाले, “बरं.”

सज्जनगड, महाबळेश्वर, प्रतापगड हे आधीच ठरलं होतं. शेवटी समुद्र हवा, ह्यावरही एकमत होतं. कुठला समुद्र, ह्यावर मात्र घरात तीन पक्ष झाले. ह्यांचं म्हणणं गणपतीपुळे. सहावीतल्या लेकीला तारकर्ली हवं होतं, कारण तिच्या मैत्रिणीनं तिथं पाण्याखालचे मासे पाहिले होते. सासूबाई म्हणाल्या, “मला कुठंही न्या, फक्त जिने नकोत.”

मी वही घेऊन बसले. तारकर्लीचा किनारा सुंदर आहे, शेजारी मालवणचा सिंधुदुर्ग आहे. पण महाबळेश्वरहून तिथं जायचं तर जवळजवळ अख्खा दिवस गाडीत, आणि परत सोलापूरला यायला आणखी एक. ते एखाद्या वर्षी वेगळं करावं. गणपतीपुळ्याचं देऊळ अगदी समुद्राला लागून, देव पश्चिमेकडे तोंड केलेला, सगळ्या डोंगरालाच प्रदक्षिणा. पण दिवाळीत तिथं गर्दी फार असते. शिवाय तिथला समुद्र लवकर खोल होतो, पुढं जाऊ नका असे फलकही लावलेले आहेत. धाकटा तिसरीत, म्हणजे माझी नजर दिवसभर त्याच्यावरच राहणार. आणि पुळ्याला गेलं, की मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर, मग जयगड, मग रत्नागिरीला टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा, हे ओघानं आलंच. प्रत्येक ठिकाण पाहण्यासारखं आहे, म्हणूनच तर आपण दमतो! सहलीच्या सुरुवातीला पाच ठिकाणं असावीत, शेवटी एकच असावं, असं माझं मत झालं.

म्हणून गुहागर निवडलं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूर, पुढं खेड, चिपळूण, आणि चिपळूणपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटर. सकाळी निघालं की दुपारच्या चहाला पोचता येतं. (पावसाळ्यानंतर घाटाची चौकशी करूनच निघा, दरडी कोसळून हा रस्ता कधी कधी बंद असतो.) परतताना चिपळूणहून कुंभार्ली घाटानं कराड, आणि मग आपला देश सुरू. गुहागरचा किनारा लांबलचक, सपाट, काठानं सुरूची झाडं. गावातला मुख्य रस्ता समुद्राला समांतर जातो. रस्त्याच्या समुद्राकडच्या घरांमागं नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की वाळू. व्याडेश्वराचं देऊळ त्याच रस्त्यावर, त्यामुळे सासूबाईंना जिने न चढता देवदर्शन.

दिवस ठरवताना मला माझ्या शेजारणीचा उपयोग झाला. त्या माहेरच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तेवढीच वेळ दुपारी आणि तेवढीच पहाटे. मधे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यांत जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, ती भांगाची भरती. हा ढोबळ अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तेव्हा गावातल्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पण घरी बसून बेत आखायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता लक्ष्मीपूजन असतं अमावास्येला. म्हणजे दिवाळीचे मुख्य दिवस नेमके उधाणाचे, आणि खोल्यांचे दरही तेव्हाच चढलेले. आम्ही भाऊबीज घरी केली, तृतीयेला निघालो, आणि षष्ठी-सप्तमीच्या रात्री गुहागरला राहिलो. सप्तमीला भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी सकाळी अकराच्या सुमारास. नऊ वाजल्यापासून मुलांना ओली सपाट वाळू मोकळी. पाणी ओसरत असताना ओढ समुद्राकडे असते, म्हणून खेळ वाळूत, पाणी फक्त घोट्याइतकं, असा नियम केला. कोणी रडलं नाही.

राहिलो एका घरगुती निवासात. खोली घेण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी विचारल्या होत्या: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, समुद्रापर्यंतची वाट सपाट आहे का, आणि सकाळी गरम पाणी मिळेल का. समुद्र दिसतो का, हे विचारलंच नाही. तो चालत दोन मिनिटांवर असला की पुरे, खिडकीतून दिसण्याचे पैसे वेगळे पडतात!

पहिल्या दिवशी संध्याकाळी हे अस्वस्थ होते. “उद्या हेदवीला जाऊन येऊ का? दशभुज गणपती आहे, बामणघळ आहे.” मी म्हटलं, “तुम्ही मुलांना घेऊन खुशाल जा. मी आणि आई इथंच बसतो.” दुसऱ्या दिवशी कोणीच गेलं नाही. हे दुपारी जेवून जे झोपले, ते चारला उठले. सासूबाई सुरूच्या सावलीत खुर्चीवर बसून होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “अगं, इथं कोणी काही मागत नाही.” मला आधी वाटलं, फेरीवाल्यांबद्दल बोलतायत. मग कळलं, त्या आयुष्याबद्दल बोलत होत्या. सत्तरीला आल्या आहेत. त्यांना कोणी कधी नुसतं बसायला कुठं नेलंच नव्हतं. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत मलाही ते सुचलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागली. त्या घरच्या काकू पहाटे पाचला उठून घावनं घालत, दुपारी सोलकढी, कुळथाचं पिठलं आणि भात, संध्याकाळी कोणाला उकडीचे मोदक हवे. दिवाळी त्यांचीही होतीच की! माझी विश्रांती त्यांच्या हातांवर उभी होती. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळल्या. किती पानं, किती वाजता, हे आदल्या रात्री सांगायचं. आयत्या वेळी बदल करायचा नाही. आणि जेवणं झाली की ताटं मुलांनी उचलून मोरीत ठेवायची. काकू ‘राहू द्या हो’ म्हणाल्या, पण हसल्या.

आता थोड्या बारीकसारीक सूचना. उरलेला फराळ नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. समुद्राच्या दमट हवेत चकली एका रात्रीत मऊ पडते. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे त्याच दिवशी गोड्या पाण्यातून पिळून वाळत घाला, म्हणजे घरी ओला वास घेऊन जावं लागत नाही. वाळू अंगाला ओली असताना पुसू नका, वाळली की आपोआप झडते. दुपारचं ऊन अजून कडक असतं. टोपी, पाण्याची बाटली आणि वडीलधाऱ्यांची औषधं एकाच पिशवीत हाताशी ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शाळा-ऑफिस सुरू व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस घरी मोकळा ठेवा. त्यासाठी सहलीतलं एखादं ठिकाण गाळावं लागलं तरी चालेल.

आम्ही अष्टमीला संध्याकाळी घरी पोचलो. नवमीला कपडे धुतले, दही लावलं, दुपारी झोपले. दशमीला शाळेत त्याच बाईंनी विचारलं, “काय, काय काय पाहिलंत?” मी म्हटलं, “शेवटचे दोन दिवस तर काहीच नाही!”

त्या बघतच राहिल्या. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “कुठं ते, पत्ता द्या बघू.”