अंगणाला आठवड्याचा एक तास

14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतली अंगणे कशी दिसतात ते आठवा. सडा, रांगोळी, निळ्या पताका. दाराशी काडीसुद्धा सापडत नाही. तेच अंगण ऑगस्टमध्ये पाहा. भिंतीच्या कडेने गुडघ्याएवढे गवत, टिनावर जुने टायर, कोपऱ्यात उन्हाळ्यातला कूलर तसाच उभा आणि त्याच्या तळाशी पावसाचे पाणी. आमचे म्हणणे एवढेच, की अंगण सणापुरते झाडून भागत नाही. ऋतू बदलला की अंगणातला आजारही बदलतो. त्याला घरातल्या सगळ्यांनी मिळून आठवड्याचा एक तास दिलाच पाहिजे.

उन्हाळ्यापासून सुरुवात करू. अकोल्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. कूलरशिवाय झोप नाही आणि नळ रोज येत नाही म्हणून ड्रम, टाके, गुंड भरून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. डेंग्यूचा डास नेमका अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून कोरडे केले की त्याची वाढ तुटते. पण नुसते पाणी ओतून उपयोग नाही. अंडी पाण्याच्या काठाला भांड्याच्या आतून चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. कूलरची टाकी आतून घासा. उन्हाळा संपला की घासून, वाळवून, झाकून ठेवा. रिकामा करता न येणारा ड्रम कापडाने घट्ट बांधा. काढलेले पाणी निंबाच्या नाही तर शेवग्याच्या बुडाशी घाला, वाया जाणार नाही. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपलेल्या लेकरालाही मच्छरदाणी हवी.

पावसाळ्यात गवताकडे पाहा. 2018 साली विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले, तेव्हा हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. उंच गवतात, झुडपात अगदी बारीक किडे असतात. त्यांची पिल्ले चावली की हा ताप येतो. काही रुग्णांच्या अंगावर चावल्या जागी काळी खपली दिसते, तीही काखेत किंवा जांघेत, सहज न दिसणारी. औषध साधे आहे, पण उशीर झाला तर जीव जातो. ताप आला आणि रुग्ण गवतात, शेतात जाऊन आलेला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. ताप डेंग्यूचा असू शकतो, म्हणून मनाने अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. गवत कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि नंतर साबणाने अंघोळ करा. गाजर गवत मात्र पांढरी फुले येण्याआधीच, माती ओली असताना, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून मुळासकट उपटा. त्याने अंगाला खाज सुटते, दमाही वाढतो. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याला या कामाला लावू नका.

हिवाळ्यात पालापाचोळा पेटवून शेकत बसायची आपली सवय. त्यात प्लॅस्टिकही जळते आणि तो धूर म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. पाला एका खड्ड्यात टाकून वर माती लोटा; पुढच्या वर्षी खत होईल. मोरीचे पाणी जिरते तिथे मेथी-पालक नको, केळ लावा. मेथी-पालकाला चांगले पाणी द्या. आणि सगळ्या अंगणाला कोबा करू नका. थोडी माती उघडी ठेवली तर पाणी मुरते आणि उन्हाळ्यात घर कमी तापते.

आता खरा प्रश्न. हे करायचे कोणी? आमच्याकडची शिकलेली पोरे म्हणतात, झाडू हातातून सुटावा म्हणून तर आपण शिकलो. त्यांचे दुखणे आम्हांला कळते. जातीने लादलेले दुसऱ्याच्या घाणीचे काम नाकारायचेच. पण स्वतःचे अंगण झाडणे ही कोणाची चाकरी नव्हे. आणि पोरांनी झाडू टाकला, तरी तो बहुतेक घरांत आईच्या आणि बहिणीच्याच हाती राहिला, हे कसे विसरायचे? आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. पुरुषाच्या हाती खराटा शोभतो, हे वऱ्हाडाला नव्याने शिकवायला नको.

उंबरठ्याबाहेरचे काम मात्र आपल्या माथी घेऊ नये. तुंबलेली नाली, न येणारी कचरागाडी ही नगरपालिकेची, महापालिकेची जबाबदारी आहे. तोंडी सांगून दमू नका. गल्लीतल्या दहा घरांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. वस्ती घाण आहे असे म्हणणाऱ्यांना तो अर्जच दाखवा.

वर्षावासाचे तीन महिने आणि डेंग्यू-स्क्रबचे महिने बहुतेक तेच. रविवारी विहारात ग्रंथवाचनाला जाण्याआधी तासभर अंगणात घालवा. टाकी पोराने घासावी, गवत बापाने कापावे, आईने त्या दिवशी खराटा धरू नये.