‘नाही’ म्हणणाऱ्या वैमानिकाचं पुढे काय होतं?

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना खिशात, लॉगबुकात जेमतेम दोनशे तास आणि डोक्यावर शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता. अशा मुलाला किंवा मुलीला रायपूरच्या तात्यापाऱ्यात काय आणि चौबे कॉलनीत काय, सल्ला एकच मिळतो: मिळेल ती नोकरी धर, तास भरून घे, मग दुसरीकडे जा. कंपनी मालवाहू विमानांची असेल आणि तिच्याबद्दल बरंवाईट कानावर आलं असेल, तर वर आणखी एक समजूत घातली जाते. मागे प्रवासी थोडेच आहेत, खोकी आहेत. एवढं काय घाबरायचं?

हा सल्ला देणारी माणसं अडाणी नाहीत. परवाना मिळवूनही घरी बसलेल्या वैमानिकाची किंमत महिन्यागणिक घटते, हे त्यांना ठाऊक आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवायला पैसे लागतात, हात बसलेला राहायला उड्डाण लागतं, आणि हप्ता तर थांबत नाहीच. मालवाहतुकीत रात्रीचं, वाईट हवेतलं उड्डाण भरपूर होतं. तिथे तयार झालेला वैमानिक कुठेही उभा राहतो, हेही खोटं नाही. शिवाय मालवाहू म्हणजे धोकादायक, असं सरसकट म्हणता येत नाही. ब्लू डार्टची विमानं 1996 पासून देशात रात्रीची उडताहेत आणि त्या कंपनीत नोकरी लागणं आजही मानाचं समजलं जातं. तेव्हा वाद मालवाहतुकीशी नाहीच. वाद आहे तो ‘आधी धर, मग बघू’ या हिशेबाशी.

खोक्यांचा मुद्दा आधी निकालात काढू. 12 मे 2022 रोजी रायपूरच्याच विमानतळावर राज्य सरकारचं हेलिकॉप्टर सरावाच्या उड्डाणात कोसळलं. आत प्रवासी एकही नव्हता. दोघे वैमानिक होते, दोघेही गेले. मागची जागा रिकामी असल्याने पुढच्या जागेवरचा जीव स्वस्त होत नाही. आणि जमिनीवरच्या माणसांचं काय? जानेवारी 2017 मध्ये किर्गिझस्तानात बिश्केकजवळ एक मालवाहू बोइंग 747 धुक्यात धावपट्टी ओलांडून वस्तीवर पडलं. विमानात चार माणसं होती. खाली घरांत झोपलेले 35 जण मेले. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेत लुइव्हिलला यूपीएसच्या एमडी-11 चं इंजिन उड्डाणाच्या क्षणी पंखापासून तुटून निघालं, तेव्हाही विमानातल्या तिघांपेक्षा जमिनीवरचे बळी कितीतरी जास्त होते.

उलट खोक्यांचे म्हणून जे धोके आहेत, ते प्रवासी विमानाच्या वैमानिकाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या 747 मध्ये आग लागली; मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या प्रमाणात होत्या. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की समोरची उपकरणं दिसेनात. दोघेही वैमानिक दगावले. त्याआधी 7 ऑगस्ट 1997 ला मायामीत फाइन एअरचं डीसी-8 कापडाचे गठ्ठे घेऊन निघालं आणि उड्डाण घेताच कोसळलं. पॅलेट नीट अडकवलेले नव्हते, भाराचा तोल मागे गेला होता आणि ट्रिम त्या भाराला जुळत नव्हती. वैमानिकाच्या हातात आलेला लोडशीटचा कागद मात्र व्यवस्थित होता. चौकशीत कंपनीच्या देखरेखीवर जसा ठपका आला, तसाच नियामकाच्या देखरेखीवरही आला.

हे शेवटचं वाक्य त्या मंडळींनी पुन्हा वाचावं, जी म्हणतात की डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, परवाना दिला आहे म्हणजे कंपनी ठीकच असणार. परवाना ही किमान अट असते. फाइन एअरकडे परवाना होता. सॅक्रामेंटोला फेब्रुवारी 2000 मध्ये ज्या एमरी कंपनीचं डीसी-8 पडलं, तिच्याकडेही होता. शेपटाकडच्या एलिव्हेटरचा एक जोड देखभालीत नीट बसवला गेला नव्हता, आणि त्यात तिघे गेले. कंपनीची उड्डाणं थांबली ती पुढच्या वर्षी. दोषाची नोंद आणि कारवाई यांच्यामधल्या काळात त्या विमानांत कोणीतरी बसतच होतं.

आता खरा मुद्दा. ‘वाईट वाटलं तर सोडून दे’ हे रायपूरच्या दुकानातल्या नोकरीला लागू पडेल, वैमानिकाला नाही. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जुन्या कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र मिळेपर्यंत नव्या कंपनीच्या दारात उभं राहता येत नाही. वर टाइप रेटिंगच्या, म्हणजे त्या जातीचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाच्या, खर्चापोटी बॉण्ड असतो. 2023 मध्ये नोटीस न भरता 43 वैमानिक निघून गेल्याचं सांगत अकासा एअर थेट न्यायालयात गेली होती, आणि ती तर नावाजलेली प्रवासी कंपनी. म्हणजे या विमानात बसायची भीती वाटते असं वैमानिकाने लेखी कळवलं, तरी त्यापुढचे सहा महिने रोस्टर तीच कंपनी लावणार. तास भरून उडी मारण्याचा हिशेब इथेच फसतो. कंपनी तोलायची ती सही करण्याआधी.

यावर एक ठेवणीतलं उत्तर असतं: शेवटचा शब्द कॅप्टनचा, विमान ठीक वाटलं नाही तर त्याने उडवू नये, कायदा त्याच्या पाठीशी आहे. कायदा आहे, खरंच आहे. पण 14 ऑगस्ट 2013 च्या पहाटे बर्मिंगहॅम, अलाबामा इथे काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. यूपीएसचं ए-300 पाचच्या आत धावपट्टीपूर्वीच्या टेकडीवर आदळलं आणि दोघे वैमानिक गेले. ध्वनिमुद्रणात उड्डाणापूर्वी ते दोघे विश्रांतीच्या नियमांबद्दलच बोलताना ऐकू आले. प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी अमेरिकेत नवे कडक नियम येऊ घातले होते आणि त्यातून मालवाहू कंपन्या वगळल्या होत्या, याची ती कुरकुर होती. चौकशीने गाफील उतरणीबरोबर दोघांच्या थकव्याकडेही बोट दाखवलं. सहवैमानिकेला ‘मी थकले आहे’ असं कळवून बाजूला होता आलं असतं. तिने कळवलं नाही. त्याच चौकशीत पुढे आलं की थकवा कळवणाऱ्याचे दिवस कंपनी प्रसंगी आजारपणाच्या रजेतून वजा करत असे.

मालकाला हे किरकोळ वाटेल. पण नकाराची किंमत ही अशीच छोट्या आकड्यांत वसूल होते: चार रजा, बढतीची रांग, नको असलेलं रोस्टर. यूपीएससारख्या श्रीमंत, युनियनवाल्या कंपनीत ही तऱ्हा. मग जिथे तीन-चार जुनी विमानं आणि मोजके वैमानिक आहेत, तिथे ‘आज हे विमान नेत नाही’ म्हणणारा पंचवीस वर्षांचा सहवैमानिक किती दिवस टिकेल?

म्हणून विमानाचं वय विचारण्याआधी नकाराचं वर्तमान विचारावं. कंपनीत गेल्या वर्षभरात कुणी स्नॅगवरून, म्हणजे तांत्रिक बिघाडावरून, विमान नेणं नाकारलं का, आणि तो आज कुठे आहे? टेक्लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, स्नॅग लिहिला जातो, की उतरल्यावर इंजिनिअरच्या कानात सांगितला जातो? एमईएलच्या, म्हणजे कोणत्या बिघाडासह विमान उडवता येतं त्या यादीच्या, आधाराने पुढे ढकललेली दुरुस्ती मुदतीत होते, की मुदत संपताना सुटा भाग दुसऱ्या विमानातून काढून आणतात? सिम्युलेटरचं प्रशिक्षण वेळेवर होतं का? ही उत्तरं मुलाखतीत मिळत नाहीत. नोकरी सोडून गेलेल्या दोघा-तिघांना गाठावं लागतं, आणि ते बोलायला कचरले तर तेही एक उत्तरच. पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला होतो, हा प्रश्न तर संकोच न करता विचारावा. ज्या कंपनीकडे पगाराला पैसे नाहीत, तिच्याकडे टायरला कुठून येणार?

पैशाची गोष्ट रायपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. ऑगस्ट 2015 मध्ये ढाक्याहून मस्कतला निघालेलं युनायटेड एअरवेजचं एमडी-83 इंजिन बिघडल्यामुळे रायपूरला उतरलं. वैमानिकांनी ते दीडशेहून अधिक प्रवाशांसह सुखरूप उतरवलं, त्यांच्या कौशल्याला सलाम. पुढच्या वर्षी कंपनीच बंद पडली, आणि पार्किंगचं भाडं थकवत ते विमान वर्षानुवर्षं इथे पडून राहिलं. शेजारच्या नागपूरनेही 2009 मध्ये कॅप्टन गोपीनाथांच्या डेक्कन 360 चं मालवाहतुकीचं केंद्र पाहिलं. दोन वर्षांत तो डाव मोडला. वाईट हेतूशिवायही कंपन्या बुडतात. बुडताना आधी कात्री कशाला लागते, हे वैमानिकाने ओळखायला शिकावं.

एवढं तोलून उत्तर नकारार्थी आलं तर? मग हप्त्याचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो उडवून लावणारा लेखक घरबसल्या शहाणपणा शिकवतो आहे असं खुशाल समजावं. बँकेकडे परतफेडीची मुदत वाढवून मागावी. घरच्यांनी वर्षभर ‘अजून कुठे लागला नाही का’ हे विचारणं बंद करावं. तासच हवे असतील तर सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग करून गोंदियाच्या बिरसी विमानतळासारख्या ठिकाणी शिकवण्याचं काम शोधावं. तिथला पगार कमी, पण तास खरे. तेही निर्धोक नाही: मार्च 2023 मध्ये बिरसीहून निघालेलं प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळून प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघेही गेले. तेव्हा तिथे अर्ज करतानाही पहिली चौकशी हीच करावी की हवा बरी नाही म्हणून सकाळचं उड्डाण रद्द करणाऱ्या प्रशिक्षकाला दुपारी ऑफिसात बोलावून घेतात का.