दावणीचे दूध आणि पगारदार मुलगा

एरंडोल तालुक्यातील पुष्कळ सभासदांची मुले आता जळगावला नोकरीस आहेत. पगार मिळतो, तरी दावण सुटत नाही. हौस म्हणून दोन म्हशी घरी असतातच. त्या उसाचे वाढे खातात, दूध डेअरीला जाते. आयकराचे विवरणपत्र भरताना मुलगा तो पैसा ‘शेती उत्पन्न’ म्हणून दाखवून मोकळा होतो. आम्हास ही चाल धोक्याची वाटते.

उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही. दुधाचे तसे नाही. जमिनीत नांगरट, पेरणी होऊन जे निघते तेच शेती उत्पन्न, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच दिला. नुसते जनावर पाळणे त्यात बसत नाही. म्हणजे ऊस माफ, वाढे माफ, पण म्हशीच्या पोटातून गेले की कर! आम्हास हा न्याय पटत नाही. पण कायदा बदलेपर्यंत पाळणे भाग आहे.

घरी प्यायच्या दुधाचा प्रश्नच नाही. विकलेल्या दुधातून पेंड, चारा, औषधपाणी वजा जाता उरेल तेच पगारात मिळवायचे. तोटा आला तर मात्र तो पगारातून वजा होत नाही; मुदतीत विवरणपत्र भरले तरच पुढील वर्षांच्या धंद्यातील नफ्यासाठी राखता येतो. धंद्याची म्हैस दगावली तर तिची खरेदी किंमतही वजा मिळते. पण रुमालाखाली बोटे दाबून झालेल्या सौद्याची पावती कोणाजवळ आहे? पुढच्या बाजाराला जाल तेव्हा चिठ्ठी लिहून घ्या, अन् दुधाची वही आजच घाला.