दारुड्यांचा वकील?

एखाद्याची मुलगी ‘लॉ’ करते आहे असं कळलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, पेटंट की कॉर्पोरेट? ‘क्रिमिनल डिफेन्स’ असं उत्तर आलं की काकूंचा चेहरा पडतो. “म्हणजे पिऊन गाडी चालवणाऱ्यांना सोडवायचं? शिकून सवरून हेच?” हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता राहवत नाही.

पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल मला तिळभर सहानुभूती नाही. पण वकील त्याची तळी उचलत नाही, तो सरकारला आरोप सिद्ध करायला लावतो. पोलिसाने गाडी कशावरून थांबवली? श्वासाची चाचणी नियमाप्रमाणे झाली का? आणि ०.०८ चा आकडा दाखवणारं ते यंत्र, ते कोणी तपासलं?

मंडळी, आपल्यातले निम्मे सॉफ्टवेअरवाले. टेस्टिंग न करता कोड सोडला तर मॅनेजर आपली काय गत करतो ते सांगायला नको. मग हे ऐका. न्यू जर्सीच्या पोलिसांचं ‘अल्कोटेस्ट’ हेही एक सॉफ्टवेअरच. आपल्याच मिडलसेक्स काउंटीतल्या आरोपींच्या वकिलांनी त्याचा सोर्स कोड तपासायला मागितला. २००८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने यंत्र एकंदरीत विश्वासार्ह ठरवलं, पण कोडमध्ये सापडलेला दोष दुरुस्त करायलाही सांगितलं. पुढे एका पोलीस सार्जंटवर आरोप आला की यंत्रांची तपासणी करताना ठरलेल्या थर्मामीटरने तापमान न मोजताच त्याने ‘ठीक’ म्हणून सह्या केल्या. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने मिडलसेक्ससह पाच काउंट्यांतल्या २०,००० हून अधिक चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या. एक थर्मामीटर! हे प्रश्न ‘दारुड्यांच्या वकिलां’नीच लावून धरले होते.

आणि एच-वन-बीवर असलेल्यांनी तर नाक मुरडूच नये. २०१५ पासून नुसती अटक झाली तरी, दोष सिद्ध होण्याआधीच, परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. मग आईच्या आजारपणात भारतात गेलेला माणूस मुंबईच्या वकिलातीत नव्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणीसकट खेटे घालतो. त्या वेळी पेटंटवाला भाचा काय कामाचा?

नावं ठेवायचीच असतील तर आपल्या बेसमेंटमधल्या यजमानांना ठेवा ना. पाहुण्याचे पाय लटपटताहेत, बाहेर त्याची गाडी उभी आहे, आणि हे महाशय “अहो, एवढ्याने काय होतंय” म्हणत ग्लास भरताहेत. वहिनी नवऱ्याकडे किल्ली मागतात तर त्यांचीच थट्टा! १९८४ च्या केली विरुद्ध ग्विनेल खटल्यात न्यू जर्सीच्या न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की डोळ्यांदेखत झिंगलेल्या पाहुण्याला, तो गाडी चालवणार हे माहीत असूनही पाजलंत आणि त्याने कोणाला धडक दिली, तर नुकसानभरपाईचा दावा यजमानावरही चालतो. त्या दिवशी यजमानही वकीलच शोधेल.