आकाशाला टांगलेला हूक

आषाढातली संध्याकाळ होती. बेळगावच्या पावसाची झड लागलेली, आणि मी नववीच्या निबंधांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसलेलो. इतक्यात छत्री मिटीत वहिनी दारात उभ्या राहिल्या. चहाचेही त्यांनी नाकारले. म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या पुतण्याला आता तुम्हीच काय ते सांगा. माझं तो ऐकत नाही. येत्या सोमवारी ह्यांची गाडी कापायला निघालाय."

'ह्यांची गाडी' म्हणजे माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंची बुलेट. रेडिचच्या कंपनीच्या साहाय्याने १९५५ साली मद्रासेत ही मोटारसायकल बनू लागली आणि पुढे आपल्याकडील कित्येक घरांत ती कुटुंबातल्या माणसासारखी वावरली. दादांची गाडी १९८४ सालची. चौदा वर्षांपूर्वी कुलदेवतेचे दर्शन घेऊन ते गोव्याहून परतत असता चोर्ल्याच्या घाटात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे चाक गेले आणि ते पडले. जीव वाचला, परंतु डावा हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. सहा वर्षांपूर्वी ते दुखण्याने गेले. तेव्हापासून गाडी अंगणातल्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. तिला कोणी हात लावलेला वहिनींना खपत नसे, आणि ती विकण्याचा विषयही त्या काढू देत नसत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी उद्यमबागेत गेलो. पुतण्या तेथील एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. पॉलिटेक्निकची पदविका त्याने चांगल्या गुणांनी मिळविलेली आहे. मालकांच्या परवानगीने शेडच्या एका कोपऱ्यात त्याने आपला संसार मांडला होता. मी मनाशी रागावण्याची पुरती तयारी करून गेलो होतो. मुख्याध्यापकाला ती फारशी करावी लागत नाही!

बुलेट तेथे उभी होती. पण तिचा पुढचा चिमटा बदललेला. अपघातात मोडलेल्या एका परदेशी मोटारसायकलचा चिमटा आणि मागचा शॉकॲब्सॉर्बर त्याने तीन वर्षांच्या बचतीतून विकत घेतले होते. चिमटा बसला होता. मागचा भाग बसविण्यासाठी मात्र सांगाड्याची एक नळी कापून तेथे नवी जोडावी लागणार होती. तेच सोमवारचे 'कापणे'.

"बापाची आठवण अशी मोडायची असते काय रे?" मी विचारले.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, बाबा खड्ड्यामुळं पडले नाहीत. चाकानं जमीन सोडली म्हणून पडले. या की, दाखवतो."

आणि मग त्या पोराने मला तासभर जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते. ती नुसतीच असेल तर दबलेली शक्ती लगेच परत फेकते, आणि गाडी झोपाळ्यासारखी हिंदकळत राहते. म्हणून तिच्या जोडीला तेलाने भरलेली नळी असते. तिच्यातील दट्ट्याला बारीक भोके असतात. त्यांतून तेल रेटले जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णता होऊन विरते. म्हणजे धक्का झेलते ती स्प्रिंग, आणि धक्का विसरावयास लावते ते तेल. दादांच्या गाडीच्या जुन्या शॉकॲब्सॉर्बरचे सील फाटून तेल केव्हाच गळून गेले होते. पुतण्याने तो खोलून पाहिला तेव्हा आत जवळजवळ काहीच नव्हते. धक्का विसरण्याची शक्तीच गाडीत उरली नव्हती. खड्ड्यातून उसळलेले चाक क्षणभर हवेत राहिले, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते.

"मग नवे सील घालून तेल भरायचे. त्यासाठी हा एवढा खटाटोप कशाला?"

येथे खरी मौज आहे. ती भोके एकदा पाडली की कायमची. ती मोठी ठेवावीत तर खड्ड्यात सुख लाभते, पण वळणावर आणि ब्रेक मारताना गाडी डोलते. लहान ठेवावीत तर गाडी ठाम राहते, पण रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीच्या मणक्यांत येऊन पोहोचतो. यांतला मध्य साधणे हीच जुन्या कारागिरांची कसोटी होती. २००४ साली बीएमडब्ल्यू कंपनीने के १२०० एस या गाडीवर बटण दाबून ही कठोरता बदलण्याची सोय दिली. पण तेथेही निवड चालकालाच करावी लागे. २०१२ च्या तिच्याच एचपी ४ या गाडीत आणि त्यापाठोपाठ डुकाटीच्या मल्टिस्ट्राडात गाडीच स्वतः निवड करू लागली. चाक किती वरखाली झाले आणि गाडीचे अंग कसे हलले हे संवेदक मोजतात. एक लहानसा संगणक हिशेब करतो. आणि विजेवर चालणारी झडप तेलाची वाट रुंद वा अरुंद करते. हे सारे साधारणपणे सेकंदाच्या शंभराव्या भागात. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या अवधीत जेमतेम सतरा सेंटीमीटर पुढे सरकते, म्हणजे वीतभरही नाही!

यामागचा विचार मात्र अमेरिकेतील डीन कार्नोप या प्राध्यापकांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ सालीच मांडला होता. त्याचे नाव 'स्कायहूक', आकाशातला हूक. कल्पना अशी, की गाडीचे अंग आकाशाला टांगलेले असते तर खालच्या रस्त्याने कितीही नाचावे, वरच्या माणसाला त्याचे काय? आकाशाला हूक ठोकता येत नाही, हे उघडच आहे. परंतु अंग वर उसळत असताना ते चाकापासून दूर जात असेल तर तेल आवळावयाचे, आणि चाकच त्याला खालून ढकलीत असेल तर तेल सैल सोडावयाचे. खाली येतानाही हाच न्याय उलट लावावयाचा. एवढे जरी पाळले तरी त्या अशक्य हुकाचा पुष्कळसा लाभ मिळतो.

पुतण्याने हँडल दाबून दाखविले. झडप सैल ठेवली तेव्हा गाडीने दोनतीनदा मान डोलाविली. यंत्रणा चालू केली, तेव्हा ती एकदाच वर आली आणि शांत उभी राहिली. मला माझी बत्तीस वर्षांची मास्तरकी आठवली. सर्व मुलांना सदासर्वकाळ एकाच मापाने कठोर किंवा एकाच मापाने मऊ वागविणारे आम्ही. पाडलेली भोके कायमची! कोणाला कोणत्या क्षणी आवळावे आणि कोणाला सैल सोडावे, हे कळण्यात माझी निम्मी नोकरी सरली.

रागवावयास गेलो होतो, तो असा मुका होऊन परतलो. तरी मनात शंका होती. म्हणून वकिली करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले, आणि जे कळले ते ज्यांच्या घरी अशा उद्योगी मुली-मुलगे आहेत त्या सर्वांनी ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरविलेला तपशील आणि नोंदणीपत्रातील तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्वाळा दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शिवाय उद्या काही अपघात झालाच, तर विमा कंपनी हात वर करण्याची भीती आहेच.

रविवारी मी त्याला हे सांगितले. तो रागावला. "रस्त्यात खड्डे ठेवणाऱ्याला कोणी धरत नाही, आणि खड्ड्यातून वाचायला बघणाऱ्याला मात्र कलम!" या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खोटे उत्तर देण्याचे वय आता राहिलेले नाही. एवढेच म्हणालो, "तुझं यंत्र खरं आहे. पण ती नळी एकदा कापलीस की बाबांची गाडी पुन्हा बाबांची होणार नाही. आणि तू ती रस्त्यावर काढलीस, की तुझी आई दर वेळी दारात उभी राहील."

सोमवारी सांगाडा कापला गेला नाही.

परदेशी चिमटा आणि तो शॉकॲब्सॉर्बर आता लोखंडी घोड्यावर बसविलेले आहेत. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांपुढे ते प्रयोग म्हणून मांडावयाचे त्याने ठरविले आहे. बचतीचे पैसे अडकले ते अडकलेच. त्याची हळहळ त्याला आहे आणि मलाही. जुना चिमटा पुन्हा जागेवर आला, आणि दोन्ही शॉकॲब्सॉर्बरमध्ये नवे सील घालून तेल भरले गेले. खर्च दोन हजारांच्या आतला. चौदा वर्षांपूर्वी एवढे तेल वेळेवर भरले असते तर, हा विचार त्याने बोलून दाखविला नाही आणि मीही नाही.

वाचकहो, तुमच्याही अंगणात एखादी जुनी गाडी असेल. तिच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावरून एकदा बोट फिरवून पाहा. बोटाला तेल लागले तर दुकान उघडण्याची वाट पाहू नका.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी वहिनी कपिलेश्वराच्या दर्शनाला गेल्या, त्या बुलेटवर मागे बसून. परतताना आमच्या दारी थांबल्या. कसे काय झाले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "रस्ता तसाच आहे हो भावोजी. पण गाडी आता ओळखीची वाटते."

आणि या खेपेस चहाला नाही म्हणाल्या नाहीत.