विश्लेषण : घोडबंदरची उद्याने देखणी, पण उन्हाळ्यात उपयोगाची किती?

एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडवरच्या घराघरांत एकच प्रश्न असतो : मुलांना सुट्टी आहे, घरात उकडते आहे, मग जायचे कुठे? अनेकांचे पाय मॉलकडे वळतात, कारण तिथे गारवा फुकट मिळतो. एका बाजूला येऊरचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या वस्तीवर ही वेळ यावी, हे नियोजनाचे अपयश आहे. उद्यानांची संख्या आणि सजावट यांची चर्चा खूप होते. उन्हाळ्यात मात्र उद्यानाची खरी परीक्षा सावली आणि वेळ या दोन गोष्टींवर होते.

घोडबंदर पट्ट्यात काय उपलब्ध आहे?

कोलशेत येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘ग्रँड सेंट्रल पार्क’ खुले झाले. सुमारे साडेवीस एकरांच्या या उद्यानात वेगवेगळ्या देशांच्या शैलीतील बागा आणि तलाव आहे. मानपाड्याजवळ वन विभागाचे निसर्ग परिचय केंद्र आहे आणि त्यामागे १०० चौरस किलोमीटरहून मोठे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. ओवळ्याची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी प्रसिद्ध आहे, तर गायमुखला खाडीकिनारी चौपाटी आहे. यादी लहान नाही. अडचण आहे ती तिथवर पोहोचण्याची. सेंट्रल पार्कला तिकीट काढावे लागते आणि घोडबंदरचा महामार्ग चालत ओलांडणे हेच एक दिव्य असते. संकुलांच्या पोडियमवरील बागा तर फक्त रहिवाशांसाठीच असतात. कोलशेत, कावेसर, वाघबीळ या जुन्या गावठाणांतल्या आणि येऊरच्या पायथ्याच्या पाड्यांतल्या मुलांना त्यांचा उपयोग नाही.

इथला उन्हाळा वेगळा का?

हवामान विभाग मैदानी भागात ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश तापमानापासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतो. मात्र त्या वेळी पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावा लागतो. किनाऱ्यासाठी उंबरठा खाली ठेवण्यामागे दमटपणा आहे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. खाडीकाठच्या हवेत तो सहज वाळत नाही, म्हणून विदर्भापेक्षा पारा खाली असूनही इथे जीव जास्त घुसमटतो. त्यात दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. मुंबई-ठाण्यासाठी एप्रिल २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेचे इशारे द्यावे लागले होते. अशा दिवसांत सकाळी नऊनंतर उघड्या ट्रॅकवर धावणे व्यायामापेक्षा शिक्षाच ठरते.

हिरवळ की सावली?

छायाचित्रात हिरवळ उठून दिसते, पण तिला सतत पाणी लागते आणि ती सावली देत नाही. शोभेच्या पाम वृक्षांचेही तेच. मुलांच्या खेळाच्या जागेतील रबरी फरशी आणि कृत्रिम गवत तर उन्हात पाय ठेवू देत नाहीत. झाडाखाली हवेचा पारा फार उतरत नसला, तरी अंगावर थेट येणारे ऊन अडते आणि शरीरावरचा ताण बराच कमी होतो. म्हणून चालण्याच्या वाटेवर करंज, जांभूळ, कडुनिंब, वड अशी झाडे आधी हवीत. रंगांची हौस बहावा आणि ताम्हण भागवतात. दोन्ही ऐन उन्हाळ्यात फुलतात आणि ताम्हण तर राज्याचे फूल आहे. सेवा रस्ते मुख्य रस्त्याला जोडण्याच्या कामात इथल्या झाडांवर संकट आल्याने रहिवासी अस्वस्थ आहेत, ते यामुळेच. वीस वर्षांच्या झाडाची सावली आज लावलेले रोप उद्या देऊ शकत नाही.

वेळेचा प्रश्न का महत्त्वाचा?

सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन सत्रे, दुपारी फाटकाला कुलूप, ही सार्वजनिक उद्यानांची रुळलेली पद्धत आहे. उन्हाळ्यात ती उलटी पडते. मेमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातनंतर मावळतो. म्हणजे बरी हवा पहाटे पाचपासून आणि रात्री आठनंतर. दुपारी सावलीची सर्वाधिक गरज असते ती घरकाम करणाऱ्या महिलांना, सुरक्षारक्षकांना, पार्सल पोहोचवणाऱ्या तरुणांना. दोन कामांच्या मधला तास काढायला त्यांच्याकडे जागा नसते. बंगळूरुने २०२४ मध्ये पालिकेची उद्याने पहाटे पाच ते रात्री दहा खुली ठेवण्याचा निर्णय घेतला. देखभाल आणि सुरक्षेचा खर्च वाढतो हे खरे. तरीही कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेली जागा गरजेच्या वेळी बंद ठेवणे त्याहून महाग आहे.

बागेत कला कशासाठी?

उन्हाळी संध्याकाळ आणि संस्कृती यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. ठाण्यात घंटाळीच्या जिजामाता उद्यानातील आचार्य अत्रे कट्ट्याने बागेत बसून गप्पा, गाणी, मुलाखती ऐकण्याची सवय लावली. त्याला मोठे सभागृह लागले नाही. घोडबंदरच्या लोकांना नाटकासाठी डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, पण चालत जाऊन विनातिकीट बसता येईल असे कट्टे कमी आहेत. लोक बागेत थांबले की बाग सुरक्षितही होते. रिकाम्या, अंधाऱ्या बागेत महिला पाऊल ठेवत नाहीत.

काय करता येईल?

मार्च ते जून उद्यानांच्या वेळा बदलाव्यात. पहाटे आणि रात्री प्रवेश विनामूल्य असावा. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह दिवसभर चालू हवे. दर आठवड्याची एक संध्याकाळ स्थानिक कलावंतांना द्यावी. यातले काहीही नव्या उद्यानासाठी थांबणारे नाही. नागरिकांनीही येऊरचे जंगल म्हणजे बाग नव्हे हे लक्षात ठेवावे. तिथे पहाटे जावे, आवाज आणि कचरा करू नये आणि अंधारापूर्वी परतावे, कारण रात्र बिबट्यांची असते. पुढच्या उद्यानाच्या भूमिपूजनाला शिल्पांची यादी वाचली जाईल, तेव्हा एकच विचारावे : मे महिन्यात दुपारी दोनला इथे बसता येईल का?