रोहिणी निघण्याआधी

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की वाशिम, रिसोड, मालेगावकडच्या आपल्या श्रवणयंत्रांच्या दवाखान्यांतले फोन वाजू लागतात. "पाणी आलं आन् मशीन बंद पडली जी." आपण म्हणतो, घेऊन या. पलीकडून उत्तर येते, पेरणी झाली की येतो. पेरणीनंतर डवरणी, डवरणीनंतर निंदण, मग फवारणी. मशीन आपल्या टेबलावर येते ती थेट पोळ्याच्या सुमारास. तोवर सेल गळून आतले संपर्क हिरवे पडलेले असतात, नळी पिवळी आणि ताठ झालेली असते. त्याहून वाईट म्हणजे, दोन-अडीच महिने न ऐकता काढण्याची त्या माणसाला आणि त्याच्याशी न बोलता काढण्याची घरच्यांना पुन्हा सवय झालेली असते.

दोष पेशंटचा नाही, आपल्या वहीचा आहे. यंत्र ज्या तारखेला बसवले तिथून तीन-तीन महिने मोजून आपण पुढची तारीख लिहितो. ती तारीख सोंगणीत आली तर कोण येणार? वाशिम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत वर्ष सोयाबीन-तुरीवर चालते आणि नक्षत्रांवर मोजले जाते. रोहिणी 25 मेच्या आसपास निघते, मृग 7-8 जूनला. नेमक्या त्या पंधरा दिवसांत शेतकरी बियाणे-खत घ्यायला तालुक्याच्या गावी येतोच. कृषी केंद्रापासून आपला दवाखाना कितीसा लांब असतो? पावसाळ्याआधीची तपासणी तिथेच बसवली पाहिजे: नळी बदलणे, मोल्ड धुणे, स्टेटोक्लिप लावून स्वतः ऐकणे, कानातला मळ पाहणे. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

पण दमटपणा पावसासोबतच येतो हे आपण धरून चालतो, तेही खरे नाही. आपल्याकडे ओल कूलरमधून येते आणि ती मार्चअखेरपासून येते. दुपारी बाहेर पारा 43-44 अंशांवर आणि हवा ठणठणीत कोरडी, रात्री खिडक्या लावून कूलर चालू. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. चिकटपट्टी काढली की त्याची छिद्रे उघडी होतात, आणि पट्टी परत डकवल्याने तो पहिल्यासारखा थांबत नाही. कोरड्या हवेत त्याच्यातले पाणी उडते, दमट हवेत तो बाहेरचे पाणी आत ओढतो. म्हणजे आपल्याकडचा सेल दिवसा सुकतो आणि रात्री कूलरशेजारच्या कोनाड्यात सर्दावतो. "उन्हाळ्यात सेल लवकर उतरतो" ही तक्रार आली की आपण कंपनीला बोल लावतो. एकदा विचारून पाहावे, रात्री मशीन ठेवता कुठे? आणि कूलरच्या घरघरीत सासूबाईंना सुनेचे बोलणे कळत नसेल, तर आवाज वाढवून देण्याआधी खाट कूलरपासून लांब सरकवायला सांगावे. हा सल्ला फुकट आहे, म्हणूनच बहुधा दिला जात नाही.

चार्जिंगच्या यंत्रांची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक पुस्तिकांत चार्जिंगच्या तापमानाची वरची मर्यादा 40 अंशांच्या आसपास दिलेली असते. टिनाच्या घरात मे महिन्याच्या दुपारी ती केव्हाच ओलांडली जाते. चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे, हे बसवतानाच सांगितले पाहिजे. आयपी 68 हा आकडा दाखवून यंत्र विकणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यातला 6 धुळीसाठी आणि 8 पाण्यासाठी असतो, आणि ही चाचणी स्वच्छ पाण्यात होते. निंदणाऱ्या बाईच्या खारट घामात नव्हे.

आता सिलिका जेल. आपण डबी देतो, पण तिचा रंग बदलल्यावर काय करायचे ते सांगत नाही. निळ्याची गुलाबी किंवा नारिंगीची हिरवी झाली की तिचे पोट भरले, ती तापवून कोरडी करायची किंवा बदलायची. डबीत यंत्र ठेवताना सेल बाहेर काढायचा, नाहीतर तोही सुकतो. मला कितीतरी घरांत यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवलेले आढळले आहे, आणि एकदा चुलीजवळच्या उतरंडीवर. तांदळाचा भुगा मायक्रोफोनच्या छिद्रात बसतो, चुलीच्या उष्णतेने मोल्ड वाकडा होतो. पण या लोकांना हसू नये. यंत्र कोरडे ठेवायचे असते एवढे त्यांना कळले आहे, कसे ते आपण सांगितले नाही.

श्रावण-भाद्रपदात कानाला बुरशी धरलेले पेशंट वाढतात. खाज, दडा बसल्यासारखे वाटणे, आत काळ्या ठिपक्यांची ओल्या कागदासारखी घाण. घरात यावर पहिला उपाय कोमट तेल. मराठीत कानात तेल घालून झोपतात हे खरे, पण ते फक्त वाक्प्रचारात. अशा वेळी मोल्ड बंद ठेवून पेशंटला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे आणि मोल्ड निर्जंतुक केल्याशिवाय परत कानात जाऊ देऊ नये. नाहीतर औषध एका बाजूने आणि लागण दुसऱ्या बाजूने चालू राहते.

सोंगणीनंतर थ्रेशर लागतो. कुटाराची धूळ यंत्राचे आणि थ्रेशरचा आवाज उरलेल्या श्रवणाचे नुकसान करतो. 85 डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये असे मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. थ्रेशरजवळ यंत्र डबीत आणि कानावर इअरमफ, हे मजूर लावणाऱ्या मालकालाही सांगावे लागेल. दिवाळीचे फटाके लगेच पाठोपाठ येतात, त्यावर दरवर्षी लिहून होते.

हिवाळ्याकडे मात्र आपले लक्षच नसते. हरभऱ्याला ओलीत करायला माणूस रात्री शेतात जातो, कारण वीज तेव्हा येते. रोही आणि रानडुकरांसाठी जागलही असते. थंडीत झिंक-एअर सेलचा जोर कमी होतो, मफलरखाली यंत्र शिट्टी मारते, म्हणून तो ते खिशात टाकतो. ज्या रात्री कान सर्वांत जास्त हवेत त्या रात्री तो बहिरा असतो. जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायला सांगा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र व्यक्तीला 3000 रुपये मिळतात आणि त्यातून काहीजण मिळेल ते यंत्र घेतात. काहींना शिबिरातून खिशातले यंत्र मिळालेले असते. "आमच्याकडची नाही" म्हणून अशी मशीन परत पाठवणे मला पटत नाही. नळी आणि मळ कंपनी पाहत नाहीत.

वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. तिथला श्रवण विभाग भक्कम व्हावा म्हणून आपण पाठपुरावा करूच, पण त्यासाठी रोहिणी थांबणार नाही. हा मे महिन्याचा अंक आहे. वहीतले जुने नंबर काढा, बियाणे घ्यायला याल तेव्हा मशीनही आणा असे सांगा. आणि जूनमध्ये बंद पडलेल्या मशीनचे किती फोन आले, ते मोजून आम्हाला कळवा.